बक्षिसी नव्हे, हक्काचा पगार
(अमेरिकेचे कामगार पुढारी फिलिप रँडॉल्फ यांचे चरित्र)

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत अमेरिकेतल्या एका काळ्या कामगार पुढाऱ्याचं चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचं उत्तर आधीच देतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केला. म्हणजे तिथल्या काळ्या माणसाशी आपलं नातं आजकालचं नाही, दीडशे वर्षांचं आहे. पण बेडी तुटल्यानंतर पुढे काय झालं? सुटलेला माणूस कामाला कुठे लागला? त्याला पगार किती मिळाला? मालकाने काढून टाकलं तर त्याने दाद कुठे मागायची? ही पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. १९६३ साली वॉशिंग्टनच्या ज्या प्रचंड मोर्चात किंग यांचं भाषण गाजलं, त्या मोर्चाचे प्रमुख होते चौऱ्याहत्तर वर्षांचे एक कामगार पुढारी. त्यांचं नाव आसा फिलिप रँडॉल्फ. अमेरिकेत नोकरदाराचे हक्क म्हणजे काय, ते कुठून आले, कुणाला मिळाले आणि कुणाला मिळाले नाहीत, हे समजून घ्यायचं असेल तर या एका माणसाचं आयुष्य नीट वाचलं तरी पुरे. मालकाच्या मर्जीने हातावर पडते ती बक्षिसी आणि आपण हिशेबाने मागून घेतो तो हक्क, एवढा एक फरक या माणसाने जन्मभर आपल्या लोकांना शिकवला.

रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या क्रेसेंट सिटी या लहान गावी झाला. पुढे घर जॅक्सनव्हिल शहरात आलं. वडील जेम्स हे शिंपीकाम करीत आणि काळ्या लोकांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशकही होते. आई एलिझाबेथ शिवणकाम करी. घरात पैसा नव्हता, पण पुस्तकं होती. दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून झाडाला टांगण्याचे प्रकार सर्रास होत. एके रात्री असाच एक कैदी मारला जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा वडील पिस्तूल घेऊन इतर माणसांबरोबर तुरुंगावर पहाऱ्याला गेले आणि आई मांडीवर बंदूक घेऊन रात्रभर घरात बसून राहिली. तो कैदी वाचला. चार माणसं एकत्र उभी राहिली की झुंडही मागे हटते, हा धडा पोराला घरातच मिळाला.

१९०७ साली ते कुकमन संस्थेतून पहिल्या नंबराने शिकून बाहेर पडले. पण पहिला नंबर घेऊन करायचं काय? काळ्या पोराला त्या शहरात अंगमेहनतीपलीकडे काम नव्हतं. म्हणून १९११ साली त्यांनी न्यूयॉर्क गाठलं आणि हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत राहू लागले. पडेल ते काम केलं. एका आगबोटीवर वेटर असताना तिथल्या वेटरांची हलाखी पाहून त्यांना एकत्र करायला गेले, तर नोकरीच गेली. संघटना बांधण्याबद्दल मिळालेली ही पहिली पावती! दिवसा काम आणि फावल्या वेळात सिटी कॉलेजात शिक्षण असा क्रम त्यांनी ठेवला. इतिहास, अर्थशास्त्र, वक्तृत्व, जे मिळेल ते शिकले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१३ ते १९१६ या काळात आपले बाबासाहेब याच न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. दोघे भेटले असं आम्ही म्हणत नाही. पण वयाने दोन वर्षांचं अंतर असलेले हे दोन तरुण एकाच शहरात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, माणसाला माणूस म्हणून का वागवत नाहीत याच प्रश्नाचा अभ्यास करीत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रँडॉल्फ यांची पत्नी ल्यूसिल ग्रीन ही शिकलेली विधवा होती आणि केशरचनेचं स्वतःचं दुकान चालवीत होती. नवऱ्याच्या चळवळीचा संसार कित्येक वर्षं या बाईच्या कमाईवर चालला. चळवळीच्या इतिहासात अशी नावं तळटीपेत जातात, म्हणून आम्ही ते मुद्दाम वर घेतलं. १९१७ साली रँडॉल्फ यांनी चँडलर ओवेन या मित्राबरोबर मेसेंजर नावाचं मासिक काढलं. युद्धाविरुद्ध आणि मालकशाहीविरुद्ध सडेतोड लिहिल्यामुळे १९१८ साली क्लीव्हलँडला दोघांना पकडलं. न्यायाधीशाला ही कोवळी काळी पोरं इतकं लिहू शकतील हे खरंच वाटेना, म्हणून त्याने त्यांना सोडून दिलं. अपमानही असा की त्यातून सुटका झाली!

आता मुख्य लढ्याकडे येऊ. आपल्याकडे एसी डब्यात चादर-उशी देणारा अटेंडंट असतो. अमेरिकेत असे झोपण्याचे आलिशान डबे पुलमन कंपनी चालवायची. १८६७ साली जॉर्ज पुलमन यांनी ही कंपनी काढली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. डब्यातल्या नोकरांच्या म्हणजे पोर्टरच्या जागेवर कंपनीने नुकतीच सुटलेली काळी माणसं घेतली. कारण उघड होतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांची सेवा केली ते कमी पैशात, मान खाली घालून काम करतील. पुढे पोर्टरांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आणि काळ्यांना नोकऱ्या देणारी ही देशातली एक सर्वांत मोठी कंपनी ठरली. लोक म्हणायचे, कंपनीने काळ्यांवर उपकार केले. खरं काय ते हिशेबाने पाहू.

पोर्टरने बिछाने घालायचे, उतारूंचे बूट चमकवायचे, सामान उचलायचं, रात्री हाक मारली की हजर व्हायचं. महिन्याचा पूर्ण पगार हातात पडायला ११,००० मैलांचा प्रवास किंवा ४०० तासांचं काम भरावं लागे. ४०० तास म्हणजे महिन्याचे तीसही दिवस रोज तेरा तासांच्या वर. गाडी सुटण्याआधी डबा तयार करण्यात जो वेळ जाई, त्याचा पगार नाही. जेवण स्वतःचं, बुटाचं पॉलिशही स्वतःच्या खिशातून. १९२६ च्या सुमाराला कमीत कमी पगार होता महिना साडेसदुसष्ट डॉलर. एवढ्यात घर चालत नसे. मग पोर्टर जगायचा कशावर? उतारूंच्या बक्षिसीवर. बक्षिसी मिळवायची तर हसत राहायचं, अपमान गिळायचा. उतारू प्रत्येक पोर्टरला जॉर्ज म्हणून हाक मारीत. का, तर मालकाचं नाव जॉर्ज! पूर्वी गुलामाला मालकाचं नाव लागायचं, तीच रीत. आईबापाने ठेवलेलं नाव घरी ठेवून यायचं आणि डब्यात सगळे जॉर्ज.

बक्षिसीची गंमत अशी की ती देणाऱ्याला दानशूर वाटते आणि घेणाऱ्याला लाचार करते. पगार द्यायची कंपनीची जबाबदारी तिने उतारूंच्या खिशावर ढकलली आणि वर नफाही कमावला. हे गणित रँडॉल्फ यांनी पोर्टरांना सोप्या शब्दांत समजावून दिलं.

अॅशली टॉटन हे एक पोर्टर पुढाकार घेऊन रँडॉल्फ यांच्याकडे आले आणि आमची युनियन बांधा म्हणाले. पोर्टरांपैकी कुणी पुढारी झाला की दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी जायची. रँडॉल्फ कंपनीचे नोकर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना काढणार कुठून? २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेमच्या एल्क्स हॉलमध्ये सुमारे पाचशे पोर्टर जमले आणि स्लीपिंग कार पोर्टर्सचा बंधुसंघ, म्हणजे ब्रदरहूड, स्थापन झाला. बक्षिसीवर जगायला लागू नये इतका पगार, महिन्याला २४० तास काम आणि कंपनीने मान्य केलेली आपली स्वतःची युनियन, या मुख्य मागण्या होत्या. शिकागोला मिल्टन वेबस्टर, ओकलंडला सी. एल. डेलम्स अशी भक्कम माणसं उभी राहिली.

कंपनीने काय केलं? जे सगळे मालक करतात तेच. १९२० पासून तिने स्वतःची एक खिशातली युनियन काढून ठेवली होतीच, तिच्याकडे बोट दाखवलं. पोर्टरांमध्ये खबरे पेरले. ज्याच्याकडे वर्गणीची पावती सापडेल त्याला घरी बसवलं. काही जागांवर फिलिपिन्सच्या लोकांना आणून बसवलं, म्हणजे एका गरिबाला दुसऱ्याची भीती. हे सगळं वाचताना आम्हाला ओळखीचं वाटतं. मुकादमाचा माणूस कोण आणि आपला कोण, हे ओळखण्यात गिरणी कामगाराचीही निम्मी हयात जाते.

युनियनने मग सरकारी दार ठोठावलं. बक्षिसीला पगाराचा भाग धरणं हे रेल्वेच्या कायद्यात बसत नाही, असा अर्ज रेल्वेचा कारभार पाहणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे केला. १९२८ साली आयोगाने हा विषय आपल्या अधिकारात येत नाही म्हणून हात झटकले. त्याच वर्षी जूनमध्ये संपाची हाक दिली, पण बदली माणसं उभी करण्याची कंपनीची तयारी होती आणि युनियनची ताकद अपुरी होती. ऐन वेळी संप मागे घ्यावा लागला. लोक चिडले. वर्गणी बंद झाली. पाठोपाठ १९२९ ची मोठी मंदी आली. हजारोंची सभासदसंख्या काही शेकड्यांवर आली. मासिक बंद पडलं, ऑफिसचं भाडं थकलं. पुढारी विकला गेला असंही बोललं गेलं. पण रँडॉल्फ हलले नाहीत.

या पडत्या काळात युनियन जिवंत ठेवली ती बायकांनी. नवऱ्याचं नाव उघड होऊ नये म्हणून वर्गणी गुपचूप गोळा करणं, पत्रकं वाटणं, सभेला जागा मिळवणं, ही कामं पोर्टरांच्या बायकांनी केली. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर यांच्या नवऱ्याला त्यांच्या कामापायी कंपनीने त्रास दिला, तेव्हा ही बाई सरळ साहेबाच्या ऑफिसात गेली, जाब विचारला आणि नवऱ्याची ड्यूटी परत मिळवून आली. साहेबाला अशी सवयच नव्हती.

मग वारं फिरलं. १९३२ च्या नॉरिस-लाग्वार्डिया कायद्याने युनियनमध्ये जाणार नाही असं मालकाने नोकरी देताना लिहून घेतलेलं कोर्टात टिकेनासं झालं. १९३४ साली रेल्वे मजूर कायदा सुधारला आणि त्यात झोपण्याच्या डब्यांतले पोर्टर आले. मालकाने युनियन चालवायला पैसे द्यायचे नाहीत, कामगारांनी आपला प्रतिनिधी मतदानाने निवडायचा आणि ज्याला बहुमत त्याच्याशी मालकाने बोलणी करायची, असा नियम झाला. १९३५ साली वॅग्नर कायद्याने हाच हक्क इतर खाजगी उद्योगांतल्या कामगारांनाही दिला. पण कायदा झाला म्हणजे भाकरी ताटात आली असं नसतं. ती भाजून घ्यायला माणसं जमलेली लागतात. १९३५ च्या मतदानात ब्रदरहूडला ५,९३१ मतं पडली आणि कंपनीच्या बाजूच्या युनियनला १,४२२. दहा वर्षं उपाशीतापाशी टिकवलेली संघटना होती म्हणून कायद्याचा उपयोग झाला. ती नसती तर कायदा कपाटातच राहिला असता.

कंपनीने आणखी दोन वर्षं घोळ घातला. शेवटी २५ ऑगस्ट १९३७ रोजी, युनियन स्थापन झाली त्या दिवसाला बरोबर बारा वर्षं पूर्ण होत असताना, कंपनीने सही केली. महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. पगारवाढीची एकूण रक्कम वर्षाला साडेबारा लाख डॉलर झाली. तक्रार आणि सुनावणीची पद्धत ठरली, म्हणजे साहेबाच्या नुसत्या लहरीवर माणूस काढता येईना. काळ्या कामगारांच्या युनियनने देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीकडून असा करार मिळवणं हे पहिल्यांदाच घडलं. बक्षिसी लगेच संपली नाही, पण आता ती पोटाची भाकरी राहिली नाही.

इथे बाबासाहेबांची एक आठवण जोडतो. या कराराला सहा महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपल्या माणसाला रेल्वेत गँगमनच्या वर चढू देत नाहीत, पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावं लागतं आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे बाबासाहेबांनी तिथे मांडलं. पाहा कसं आहे! अमेरिकेत घरगड्यासारखं काम म्हणून पोर्टरची जागा काळ्याला राखून ठेवली, आणि इथे घरगड्यासारखं काम म्हणूनच ती आपल्याला नाकारली. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, तेही याच विटाळापायी. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगाराचे दोन शत्रू आहेत असं बाबासाहेबांनी मनमाडला बजावलं. रँडॉल्फ यांनाही आयुष्यभर दोन आघाड्यांवर लढावं लागलं. एकीकडे मालक, दुसरीकडे गोऱ्या कामगारांच्या युनियन. कित्येक युनियनच्या घटनेतच काळ्यांना सभासद करायचं नाही असं लिहिलेलं होतं. रँडॉल्फ बाहेर पडून शिव्या देत बसले नाहीत. कामगार महासंघाच्या अधिवेशनात दरवर्षी उभे राहून हा विषय काढीत राहिले. १९५५ साली दोन मोठे महासंघ एक झाले तेव्हा ते उपाध्यक्ष झाले, तरी बोलायचं थांबले नाहीत. १९५९ साली तर महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी यांच्याशी भर अधिवेशनात त्यांची जाहीर चकमक उडाली.

आता एक कडू गोष्ट. १९३५ चा वॅग्नर कायदा आणि १९३८ चा किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा हे अमेरिकन कामगाराचे दोन खांब मानले जातात. १९३८ च्या कायद्याने तासाला २५ सेंट किमान वेतन ठरवलं, आणि ठराविक तासांवर काम झालं तर दीडपट पगार. पण दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. त्या काळी काळी माणसं सर्वांत जास्त होती ती याच दोन कामांत! कायद्यात काळ्यांना वगळा असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही. वाचणाऱ्याने कायद्याची व्याख्या कुणाला धरते आणि कुणाला सोडते हे आधी पाहावं, ते याचसाठी. बक्षिसीचंही तसंच झालं. रँडॉल्फ यांच्याच जॅक्सनव्हिल शहरातल्या स्टेशनवरच्या हमालांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि उतारूंची बक्षिसी किमान वेतनात धरायला कायद्याची आडकाठी नाही, असा निकाल १९४२ साली लागला.

१९४१ साली युद्धसामग्रीचे कारखाने धडाधड उघडले. गोऱ्यांना नोकऱ्या, काळ्यांना गेटवरूनच परत. रँडॉल्फ यांनी जाहीर केलं की १ जुलैला काळे लोक वॉशिंग्टनवर मोर्चा नेतील. दहा हजारांपासून सुरू झालेला आकडा एक लाखावर गेला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १८ जूनला त्यांना भेटीला बोलावलं आणि मोर्चा मागे घ्यायला सांगितलं. रँडॉल्फ यांनी नम्रपणे पण ठाम सांगितलं की लेखी हुकूम निघाल्याशिवाय मोर्चा थांबणार नाही. पाहुणचार, कौतुक, तोंडी आश्वासन, हे सगळं त्यांच्या लेखी बक्षिसीच होतं. २५ जून १९४१ रोजी हुकूम क्रमांक ८८०२ निघाला. युद्ध कारखान्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यावरून भेदभाव करायचा नाही असं त्यात आलं आणि तक्रारी ऐकायला समिती नेमली. समितीच्या हाती शिक्षेची ताकद नव्हती आणि १९४६ साली ती बंद पडली, हेही खरं. पण बंद दार किलकिलं झालं. १९४८ साली त्यांच्याच रेट्यामुळे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला भेदभाव संपवण्याचा हुकूम काढला.

ब्रदरहूडची माणसं गाडीबरोबर गावोगाव फिरायची, त्यांच्याबरोबर विचारही फिरायचा. १९५५ साली माँटगोमेरीला रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन हे ब्रदरहूडचेच पोर्टर. तिथल्या बस बहिष्कारातून तरुण मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले. पोर्टरांच्या युनियनचं ऋण असं दूरवर पोचलेलं आहे.

२८ ऑगस्ट १९६३ चा मोर्चा रँडॉल्फ आणि त्यांचे सहकारी बायर्ड रस्टिन यांनी उभा केला. सुमारे अडीच लाख माणसं आली. चारच महिने आधी ल्यूसिल गेल्या होत्या. त्या मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्याही आधी नोकऱ्या हा शब्द होता, हे आज कुणी सांगत नाही. तासाला दोन डॉलर किमान वेतन आणि नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा या त्यातल्या स्पष्ट मागण्या होत्या. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यावरून नोकरी नाकारणं, कमी पगार देणं, बढती अडवणं, काढून टाकणं बेकायदा ठरवलं. जी गोष्ट १९४१ साली हुकमाने तात्पुरती मिळाली, ती तेवीस वर्षांनी कायद्यात आली. १९६८ साली रँडॉल्फ युनियनच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि १६ मे १९७९ रोजी नव्वदाव्या वर्षी न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

आता आजचं सांगतो, कारण आपल्या वस्तीतलीही पोरं-पोरी शिकून अमेरिकेला जाऊ लागली आहेत. तिथे पगार मोठा म्हणून हक्क आपोआप मोठे असं समजू नये. युनियन किंवा लेखी करार नसेल तर बहुतेक खाजगी नोकऱ्यांत मालक कारण न देताही काढू शकतो. मात्र बेकायदा कारणाने काढू शकत नाही. जात्याच काळा, बाई, परक्या देशाचा, वेगळ्या धर्माचा म्हणून काढलं किंवा तक्रार केली म्हणून सूड घेतला, तर पंधरा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेविरुद्ध सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाकडे जाता येतं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, नागरिकत्वाचीही अट नाही. पण मुदत आहे. साधारण १८० दिवस, काही राज्यांत ३००. आपापसांत पगार किती हे बोलणं हासुद्धा खाजगी नोकरीतल्या बहुतेक कामगारांचा कायदेशीर हक्क आहे, युनियन असो वा नसो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याची नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून कागदपत्रं आणि तारखा जपून ठेवाव्यात.

जातीचं काय? १९६४ च्या कायद्यात जात हा शब्द नाही. आपल्याच देशातून गेलेला साहेब आपलंच आडनाव विचारून वागणूक ठरवतो, अशा तक्रारी तिथे झाल्या आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरने सही केली नाही. म्हणजे लढाई चालू आहे. आणि बक्षिसी? बक्षिसीवर काम करणाऱ्या वेटराला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन देशाच्या कायद्यात १९९१ पासून तासाला दोन डॉलर तेरा सेंटच आहे. बाकी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि तरीही भरलं नाही तर उरलेलं मालकाने भरायचं. काही राज्यांनी स्वतःचे चांगले दर ठरवले आहेत, पण शेतमजूर आणि घरकामगार वॅग्नर कायद्याच्या बाहेर ते बाहेरच. पुलमनचे डबे गेले, हिशेब तसाच राहिला.

आम्ही सूतगिरणीतली माणसं आहोत. पुस्तकं पाळी सुटल्यावर वाचली, जिथे अडलं तिथे कुणाला तरी विचारलं. आम्हाला या चरित्रातून जे मिळालं ते एवढंच. कंत्राटदाराकडे काम करणारी आपली पोरं आज पगाराची पावतीसुद्धा मागत नाहीत. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि पाकीट हातात पडलं की साहेब चांगला आहे म्हणतात. साहेब चांगला असेलही. पण पाकिटात काय आहे, ते कशाबद्दल आहे, पुढच्या वर्षी मिळेल का, हे लिहिलेलं नाही तोवर ती बक्षिसी आहे. ओव्हरटाइम किती तास झाला हे स्वतःच्या वहीत रोज लिहा. नेमणुकीचं पत्र मागा. सही करण्याआधी कागद वाचा, येत नसेल तर वाचून घ्या. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसून एकमेकांच्या पगाराच्या पावत्या वाचल्या, तर तोही अभ्यासवर्गच आहे. पाचशे पोर्टर एका हॉलमध्ये बसले तिथून ती गोष्ट सुरू झाली. बारा वर्षं लागली, पण सही मालकालाच करावी लागली.